सेट झालं, सेट अयिंदि, सेट हो गया

आदिलाबादच्या बसस्टँडवर उतरलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या तासाभरात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा तीन भाषा पडतात. क्रियापद मात्र एकच ऐकू येतं. ऑटोवाला मागच्या सीटवर तिघांच्या जागेत चौथा कोंबतो आणि मागे न बघताच विचारतो, "सेट झालं का काका?" टिफिन सेंटरचा मालक गल्ल्यावरून आतल्या पोराला हाक मारतो, "सेट अयिंदा?" मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर काचेवर फुंकर मारतो, फोन शर्टाला पुसतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो, "लो भाई, सेट हो गया." पहिल्याने माणसं दाबून बसवली, दुसऱ्याला चटणी वाटून झाली का ते हवं होतं, तिसऱ्याने चार्जिंगची पिन बदलली. तिघांचं काम एकाच इंग्रजी शब्दात भागलं.

हा शब्द पुण्यात आहे, नागपुरात आहे, हैदराबादेत तर आहेच. पण आदिलाबादेत तो जसा ऐसपैस पसरला, तसा क्वचितच कुठे पसरला असेल. त्याचं कारण नकाशात आहे. उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पश्चिमेला किनवट म्हणजे नांदेड जिल्हा. १९४८ पर्यंत इथे निजामाचा अंमल होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग आंध्र प्रदेश आणि २ जून २०१४ पासून तेलंगणा. भाषावार राज्यं झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले. बेला, जैनथ, तामसी या भागातली मराठी घरं होती तिथेच राहिली. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी उरलेल्या जिल्ह्याचेही चार भाग झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. तो दिवस नेमका दसऱ्याचा होता. इतर गावांनी आपट्याची पानं वाटली, इथे जिल्हा वाटला गेला. रेल्वेला मात्र यातलं काहीच मानवलेलं दिसत नाही, कारण आदिलाबादचं स्टेशन अजून नांदेड विभागात मोडतं.

अशा गावात घरी मराठी, दुकानात दखनी, कचेरीत तेलुगू आणि पोरांच्या शाळेत इंग्रजी चालते. जमिनीचे जुने कागद उर्दूत असतात, ते वेगळंच. मग दोन वेगळ्या भाषांची माणसं व्यवहाराला बसली की दोघांनाही आपली न वाटणारी, पण दोघांनाही कळणारी एखादी गोष्ट मध्ये लागते. ती जागा 'सेट'ने पटकावली.

व्याकरणाच्या बाजूनेही त्याची सोय चोख आहे. मराठी त्याला 'होणे' आणि 'करणे' जोडते, तेलुगू 'अयिंदि' आणि 'चेस्त' जोडते, उर्दू 'हो गया' आणि 'कर दिया' लावते. काळ, लिंग, वचन, आदर, सगळी कामं घरचं शेपूट सांभाळतं. 'सेट' नुसता पुढे उभा राहतो. घरजावयाची तऱ्हा म्हणा ना. गाव परक्याचं, कूळ परक्याचं, पण राबणं सासरच्या शेतात आणि चालणं सासरच्या रीतीने. तेलुगूत घरजावयाला 'इल्लरिकम अल्लुडु' म्हणतात, म्हणजे ही सोय पैनगंगेच्या दोन्ही तीरांना माहीत आहे.

आता त्याचे अर्थ. सलूनमध्ये दाढी सेट होते, म्हणजे कानापासून हनुवटीपर्यंत रेघ मारली जाते. टेलरकडे ब्लाऊजची बाही सेट होते. मेकॅनिककडे गाडीचा कार्बोरेटर सेट होतो, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा सेट करावा लागतो. छतावर चढलेला डिशवाला खाली उभ्या असलेल्यांना ओरडून विचारतो, "आता पाहा, चित्र सेट झालं का?" क्रिकेटच्या मैदानात फलंदाज सेट होतो आणि पुढच्याच चेंडूवर बाद होतो. फ्रिजमध्ये दही सेट होतं. लग्नात नवरीला सोन्याचा सेट घालतात. तो घालण्याआधी जोडी सेट व्हावी लागते. जोडी सेट होण्याआधी मुलगा हैदराबादेत सेट झालेला असावा लागतो. या शेवटच्या 'सेट'मध्ये नोकरी, भाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि 'लवकरच स्वतःचा घेणार' हे वाक्य, एवढं सगळं येतं.

दवाखान्यातला अर्थ तर खास आहे. "डॉक्टरसाहेब, ते पिवळी गोळी मले सेट नाही झाली." गोळी सेट झाली नाही याचा अर्थ पित्त झालं, पुरळ उठली, झोप उडाली, गुण आला नाही किंवा नुसताच रंग आवडला नाही. तेलंगणी तेलुगूत हेच 'सेट अयितलेदु' होतं. पाणी सेट होत नाही, हवा सेट होत नाही, नवी सून सासूला सेट होत नाही. डॉक्टर मुकाट्याने गोळी बदलतात. सासूची तक्रार त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

टिफिन सेंटरमध्ये आणखी एक पेच आहे. कर्नाटकातून आलेला सेट डोसा कुठे दोनाचा मिळतो, कुठे तिनाचा. 'सेट' म्हणजे नेमके किती, हे बशी समोर आल्याशिवाय कळत नाही. मूळ शब्दाचा स्वभाव पाहता हे रास्तच आहे.

कारण तो इंग्रजांनाही नीट आवरलेला नाही. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदले होते आणि त्या एका नोंदीला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. मराठीत एवढ्या शब्दांत आटोपशीर कादंबरी होते. गिनीज बुकाने त्याची दखल घेतली. मग २०११ मध्ये 'रन'ने त्याचा मान हिसकावला. पीटर गिलिव्हर या कोशकाराने नऊ महिने त्या एका क्रियापदाशी झुंज घेऊन त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. नऊ महिने हा आकडा योगायोगाचा असावा. आदिलाबादकरांना या निकालाचं दुःख होण्याचं कारण नाही, पण कोशकारांनी गांधी चौकातल्या चहाच्या टपरीवर आठवडाभर बैठक मारली असती तर 'रन'ला तो मान एवढ्या सहज मिळाला नसता.

या शब्दाचं खरं वजन मात्र चौकात कळत नाही. ते कळतं कापसाच्या हंगामात, मार्केट यार्डात.

दिवाळीच्या आसपास पहाटेपासून ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांची रांग लागते. ताडपत्री बाजूला होते, पांढरा ढीग उघडा पडतो, आणि हातात ओलावा मोजायचं यंत्र घेतलेला माणूस येतो. त्याला मराठीत ओलावा म्हणतात, दखनीत नमी, तेलुगूत तेमा. तिन्ही शब्दांनी शेतकऱ्याच्या पोटात सारखाच गोळा येतो. यंत्राचा दांडा कापसात खुपसला जातो. आकडा वरखाली होतो, थरथरतो, थांबतो. सगळ्यांच्या माना त्या एवढ्याशा काचेवर वाकलेल्या असतात. हिशेब साधा आहे. कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण आधारभूत भाव देतं, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावाचा एक टक्का कापतं आणि १२ च्या वर गेलेला कापूस घेत नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा आधारभूत भाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे तेव्हा ओलाव्याचा एकेक टक्का ८१ रुपये १० पैशांचा. दहा टक्के ओलावा निघाला तर क्विंटलमागे १६२ रुपये २० पैसे हवेत, किंवा खरं म्हणजे पाण्यात, गेले.

"तेमा एक्कुव उंदि," यंत्रवाला सांगतो. ओलावा जास्त आहे.

"अहो भाऊ, वरचा पाहा ना, खालचा कायले दाबता? रातच्या दवानं ओला झाला तो," शेतकरी म्हणतो. दोघं आपापल्या भाषेत बोलतात आणि दोघांनाही दुसऱ्याचं सगळं कळतं. यंत्र तेवढं कुठलीच भाषा न बोलता १३ दाखवत राहतं. अशा वेळी रांगेच्या कडेने एक तिसरा माणूस सरकत येतो. त्याच्याकडे यंत्र नाही, काटा नाही, खुर्ची नाही. फक्त आवाज आहे, तोही हळू. "टेन्शन नका घेऊ काका. सेट करून देतो."

या वाक्यातल्या 'सेट'चा अर्थ ४३० मध्ये शोधून सापडायचा नाही. आकडा उतरणार आहे, का गाडी खाजगी व्यापाऱ्याकडे वळणार आहे, का काकांनी नुसतं तिथेच कापूस पसरून दोन दिवस उन्हात वाळवायचा आहे? काही सांगितलेलं नसतं. किंमत तर मुळीच सांगितलेली नसते. २०२५-२६ च्या हंगामात महामंडळाने 'कपास किसान' नावाचं ॲप आणलं आणि विक्रीला येण्याआधी त्यावर दिवस ठरवून घ्यायला सांगितलं. त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या भाच्यांचा भाव गावागावांत वधारला. "भाच्यानं स्लॉट सेट करून देल्ला" हे वाक्य त्याच पिकाबरोबर आलं. यातला 'सेट' निदान स्वच्छ आहे, त्यात तारीख असते.

आदिलाबादेत सीसीआय म्हटलं की आणखी एक घोळ होतो, कारण इथे सीसीआय दोन आहेत. एक कापसाची, भारतीय कापूस महामंडळ. दुसरी सिमेंटची, भारतीय सिमेंट महामंडळ. सिमेंटवाल्या सीसीआयचा आदिलाबादचा कारखाना १९९८ मध्ये बंद पडला. सिमेंटच्या धंद्यात 'सेट' या शब्दाला अगदी कडक अर्थ आहे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटने पाणी मिसळल्यापासून ३० मिनिटांच्या आत सेट व्हायला सुरुवात करायची नाही आणि ६०० मिनिटांच्या आत पुरतं सेट व्हायचंच. दहा तास, त्यापुढे सवलत नाही. कारखाना पुन्हा सुरू करण्याचा विषय मात्र पाव शतक उलटून गेलं तरी कालवलेलाच आहे. दर निवडणुकीत त्यात पाणी घातलं जातं. आर्मूरकडे जाणारा रेल्वेमार्ग आणि विमानतळ हे त्याच घमेल्यातले आणखी दोन विषय. या सगळ्या गडबडीत केसलापूरच्या नागोबाची जत्रा तेवढी शहाणी म्हणायची. मेस्राम कुळाची ही जत्रा पौष अमावस्येला भरते. तारीख चंद्र ठरवतो. ती कुणाला सेट करावी लागत नाही.

शाळाकॉलेजात हा शब्द वेगळ्याच वाटेने घुसला. महाराष्ट्रात प्रवेश परीक्षेला 'सीईटी' म्हणतात, तिन्ही अक्षरं सुटी सुटी उच्चारून. तेलंगणात तीच अक्षरं एकत्र करून 'सेट' म्हणतात. त्यामुळे इकडे एमसेट आहे, आयसेट आहे, ईसेट, एडसेट, लॉसेट, पॉलीसेट आहे. वैद्यकीय प्रवेश 'नीट'कडे गेल्यावर एमसेटमधला 'एम' रिकामा झाला आणि २०२४ पासून परीक्षेचं नाव ईएपीसेट झालं, तरी जुनं नाव लोकांच्या तोंडून जायला तयार नाही. जुन्या काळी प्रश्नपत्रिकांचे अनेक संच छापलेले असत आणि परीक्षेच्या सकाळी मंत्री चिठ्ठी काढून त्यातला एक निवडत. म्हणजे एमसेटचा सेट टीव्हीच्या सेटवर दिसे. बेल्याच्या एखाद्या आजीने "पोट्टा काय करते?" असं विचारलं आणि "एमसेट देल्ली" असं उत्तर आलं, तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मंग, सेट झाला का?"

याच्याही वरची पायरी प्राध्यापकीची. तिथे सेट नावाचीच परीक्षा आहे. तेलंगणाची उस्मानिया विद्यापीठ घेतं, महाराष्ट्राची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. नियम असा की २००२ च्या जूनपासून एका राज्याची सेट उत्तीर्ण झालेल्याची पात्रता त्याच राज्यापुरती. तेव्हा पांढरकवड्याच्या कॉलेजात सेट असलेला माणूस पैनगंगेचा पूल ओलांडून आला की सेट राहत नाही. त्याची पदवी चालते, भाषा चालते, मोटारसायकल चालते. सेट चालत नाही.

याच्या अगदी उलट हाल जिवती आणि केरामेरीच्या मधल्या १४ गावांचे. ही गावं महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यात धरली जातात आणि तेलंगणाच्या आसिफाबाद जिल्ह्यातही. २०१६ पर्यंत ही दुसरी बाजू आदिलाबादची होती. घरात दोन रेशनकार्डं, दोन राज्यांची मतदार ओळखपत्रं, गावात दोन सरपंच, एक शाळा मराठीची आणि एक तेलुगूची. बाहेरच्याला वाटतं, या लोकांचं दोन्हीकडे सेट आहे. त्यांना विचारलं तर ते शेतजमिनीच्या पट्ट्यांचा विषय काढतात. ते घोंगडं किती वर्षं भिजत पडलंय, ते ऐकायला वेळ हाताशी ठेवावा लागतो. दोन सरकारं मिळूनही एक गोष्ट सेट होत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

भाषाशुद्धीवाले इथे एव्हाना अस्वस्थ झाले असतील. मराठीत याला शब्द नाही का? आहे, आणि फार चांगला आहे. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आपण हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, विहिरीवर पंप बसवतो, नाटक बसवतो, गणपती बसवतो. इंग्रजीत यातल्या पहिल्या दोहोंना 'सेट'च लागतो. मग 'सेट'ची गरज काय? गरज आहे, कारण आपलं 'बसणे' दगाबाज आहे. जम बसला तर उत्तम. धंदा बसला तर दिवाळं. घडी बसली तर संसार सुखाचा; आवाज बसला तर गाणं बंद. 'पोराचा धंदा बसला' असं मुलीच्या बापाला सांगितलं तर सोयरीक तिथेच मोडेल. 'धंदा सेट झाला' म्हटलं की चहा येतो.

शिवाय 'सेट' आपल्याला वाटतो तितका परका नाही. 'सिट' आणि 'सेट' यांचं मूळ आणि संस्कृतातला 'सद्' हा धातू एकाच घराण्यातले. गुरूजवळ बसणं ते उपनिषद, भोवती बसणं ती परिषद, एकत्र बसणं ती संसद. म्हणजे जिल्हा परिषद, संसद आणि सेटिंग ही चुलत भावंडं ठरतात. हे व्युत्पत्तिशास्त्र सांगतं, लेखाचा त्यात काही हेतू नाही. चहाच्या कपांचा सेट मात्र या घराण्यातला नव्हे. तो जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या पंथवाचक शब्दाकडे पोहोचतो. आणि हैदराबादेत 'सेट' झालेला मुलगा इंग्रजीत खरं तर 'सेटल' झालेला असतो. पण शेवटच्या 'ल'साठी आदिलाबादेत कुणी अडून बसत नाही.

या शब्दाविरुद्ध एकच तक्रार नोंदवण्याजोगी आहे. परकेपणाची तक्रार पोकळ आहे. तंबाखू, पगार, टेबल पचवलेल्या भाषेला 'सेट' जड जाऊ नये. तक्रार आहे ती 'सेट झालं' या रूपाची. 'बसवलं' म्हटलं की कुणी बसवलं हा प्रश्न लगेच येतो. 'सेट झालं' म्हटलं की कर्ता गायब. मीटरचा आकडा सेट झाला, टेंडर सेट झालं, बदली सेट झाली. कुणी काही केलं नाही, सगळं हवेत झालं. म्हणूनच त्याचं 'सेटिंग' हे नाम मराठी, तेलुगू आणि उर्दू, तिन्हींत आवाज खाली आणूनच उच्चारलं जातं. दाढीसाठी, डिशसाठी, दह्यासाठी हा शब्द खुशाल वापरावा. पैशाच्या आणि कागदाच्या व्यवहारात तो आला की सावध व्हावं.

आदिलाबादेत काही काम पडलं आणि कुणी "होऊन जाईल सेट" असं म्हणालं, तर कोण करणार, किती घेणार आणि कोणत्या तारखेला, एवढं तिथल्या तिथे विचारून घ्यावं. मराठीत विचारलं तरी चालतं, समोरच्याला कळतं.